पणजरकाका आणि खालच्या खोलीतलं बटण

पंपवाले काका मला पहिल्या दिवसापासून खटकले. कामाचा माणूस येतो, काम करतो, जातो. हे आपले प्रत्येक वाक्याला "पण जर" जोडणार! सगळी गल्ली त्यांना पणजरकाकाच म्हणते.

बोलावलं होतं मात्र मीच. आमच्या तळघरातल्या खोलीत बाबा राहतात. गुडघे गेलेत, जिना चढवत नाही, आणि उचलून वर नेऊ म्हटलं तर ऐकत नाहीत. पाऊस जोरात झाला की तिथे फरशीतून पाणी वर येतं. कोपऱ्यातल्या खड्ड्यातला जुना पंप ते उपसायचा. पण नेमकी तेव्हाच वीज जायची आणि पंप गप्प. गेल्या खेपेला पाणी बाबांच्या खाटेच्या पायांना लागलं. बादल्यांनी उपसता उपसता माझी कंबर मोडली.

काकांनी खड्डा खोल केला, नवा पंप बसवला आणि त्याच्या जरा वर आणखी एक.

"दोन कशाला?"

"पण जर पहिला अडकला तर?"

दुसऱ्याला बॅटरी. बॅटरीला चार्जर. बाहेर टाकलेलं पाणी उलटं येऊ नये म्हणून पाइपात झडप. पाणी वाढलं की ओरडणारा भोंगा. मी जिन्यात बसून डोळ्यांत तेल घालून पाहत होते. म्हटलं, हा माणूस भीती विकून पोट भरतोय.

काम संपलं तरी पिच्छा सुटेना. दर आठवड्याला न सांगता हजर! मेन स्विच पाडायचा, खड्ड्यात चार बादल्या ओतायच्या आणि कान देऊन उभं राहायचं. तेही फुकट. फुकट कोण येतं हो? कुठेतरी पाणी मुरत होतं.

तिसऱ्या आठवड्यात बॅटरीवरचा पंप घुरघुरला आणि बंद पडला. बॅटरी उतरलेली, चार्जरचं बटण बंद. काकांनी माझ्यासमोर ते चालू केलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच!

माझा पारा चढला. "तुम्हीच काहीतरी करून ठेवता आणि उद्या म्हणाल, नवी बॅटरी घ्या. मी काय दूधखुळी आहे?"

"ताई, मी गेल्यावर खाली कोण येतं?"

"कोण येणार? मीच!"

खाटेवरून बाबा हळूच म्हणाले, "अगं, तूच करतेस."

"मी?"

"दुपारी ताट न्यायला येतेस ना, तेव्हा. रेडिओ बंद करतेस आणि त्याच हातासरशी शेजारचं बटणही. वापर नाही तर बटण बंद, ही सवय मीच लावली तुला."

माझा हात मला आठवला. खरंच होतं ते.

"मग बोलला का नाहीत? पाणी आलं असतं म्हणजे? तुम्हाला उठतासुद्धा येत नाही, बाबा!"

बाबा चादरीची कड सारखी करत राहिले. "बोलणार होतो गं. तू चिडशील म्हणून राहिलं."

मला रडूच फुटलं, काकांच्या देखत. ते पाठ करून बटण काढत होते. चार्जरची तार थेट जोडली आणि म्हणाले, "बॅटरी भरू दे. उद्या येऊन बघतो."

"या," मी म्हटलं. "बादल्या मी भरून ठेवते."

बाबा अजून माझ्या तोंडाकडेच बघत होते, मी चिडले की काय म्हणून.