लॅबकडचं कार्ड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईलाही नाही. आत्तासुद्धा घरात कुणी नाही, तरी दाराला कडी घालून बसलोय — इतका भित्रा माणूस मी.

सोलापुरातल्या एका हॉस्पिटलात मी कॉम्प्युटरचं काम बघतो. तेव्हा कंत्राटावर होतो. सर्व्हरला, म्हणजे सगळे रिपोर्ट जिथे जमा होतात त्या मुख्य कॉम्प्युटरला, दोन नेटवर्क कार्डं — एक वॉर्डांकडचं, एक लॅबकडचं. लॅबकडचं मधूनच बहिरं व्हायचं. दिवे लुकलुकायचे, लॅबच्या स्क्रीनवर ‘पाठवला’ असं दिसायचं, पण सर्व्हरच्या आत काहीच पोचायचं नाही. मग माझ्या नावाने हाका सुरू. मी यायचो, उगाच वायरी चाचपायचो आणि कार्ड बंद करून चालू करायचो. बस्स! ‘जादूगार हाय की ओ तुमी,’ मेट्रनबाई म्हणायच्या. मला ते फार आवडायचं.

पण दोष कुठे आहे ते मला सापडलं होतं. कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, जुना होता. मी नवा टाकून पाहिला. आठवडाभर कार्ड एकदाही अडलं नाही. आणि आठवडाभर मला एकही हाक आली नाही. धडकीच भरली. हे असंच नीट चाललं तर आपल्याला विचारणार कोण? ठेवतील कशाला?

मी जुना ड्रायव्हर परत टाकला. हो, मुद्दाम.

तेवढ्यावरच थांबलं असतं तर — पण नाही थांबलं. वेळापूरला मेहुण्याचा साखरपुडा होता. पंगतीत बसलो आणि रेणुकाचा फोन आला. ही लॅबमधली टेक्निशियन, अक्कलकोटकडची. मला दादा म्हणायची. ‘दादा, वॉर्डात रिपोर्ट दिसंना म्हणतेत. अर्जंट हाय की ओ.’ लॅपटॉप बाहेर गाडीत, ताट समोर वाढलेलं. मी म्हणालो, ‘केलं बघ चालू. परत पाठव.’ काहीच केलं नव्हतं. जेवून करू म्हटलं. तिने पाठवला. माझ्या शब्दावर निर्धास्त झाली.

रिपोर्ट वॉर्डातल्या एका बाईंचा होता, उजनीकाठच्या गावातल्या. त्यांच्या रक्तात पोटॅशियम भलतंच वाढलेलं, हृदय बंद पडेल इतकं, आणि डॉक्टर त्या रिपोर्टसाठी खोळंबले होते. मी हात धुऊन गाडीत बसलो, लॅपटॉपवरून लांबूनच कार्ड चालू केलं, तोवर बाई गेल्या होत्या. रिपोर्ट वेळेवर मिळता तर वाचल्या असत्या का? डॉक्टरांना विचारायची छाती मला कधीच झाली नाही.

चौकशीत रेणुका रडत होती. ‘दादा, तुमी तरी सांगा की! मी लगेच पाठवला होता.’ सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, सर्व्हर चालू होता, उशीर लॅबकडून झाला. तिला काढून टाकलं.

त्याच दिवशी मी नवा ड्रायव्हर टाकला. कार्ड पुन्हा कधी अडलं नाही, आणि पुढे मला कायमही केलं.

नंतर त्या बाईंचा मुलगा कागदपत्रं न्यायला आला. प्रिंट मीच काढून दिल्या. ‘तुमी समद्यांनी लई धावपळ केली,’ म्हणाला आणि त्याने माझ्यापुढे हात जोडले.

मीही जोडले.