बोलणं संपलं

युद्धसामग्रीच्या धंद्याविरुद्ध मी आजही आहे. आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणेल, पोरगी नरमली.

तंजावरात आमच्या घरची बोली मराठी. मी भांडते मात्र तमिळमध्ये, पत्रकंही त्यातच लिहिते. धाकटे काका लेथवर पंपाच्या आसाभोवती बसणारे धातूचे बुश बनवतात. पापनाशमच्या एका पंपवाल्याचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच. मध्यंतरी युरोपातल्या एका ड्रोन कंपनीने त्यांचे नमुने मागवले. ती कंपनी तिथल्या देशांच्या गटाच्या सामायिक संरक्षण निधीवर चालायची.

एका संध्याकाळी काका फोन ठेवून काकूला म्हणाले, "बोलणं संपलं."

तमिळमध्ये सोयरिकीचं बोलणं संपलं म्हणजे लग्न ठरलं. मी तेच ऐकलं: सौदा ठरला. विचारलं नाही, विचारणं मला तेव्हा पुळचटपणाचं वाटायचं. दोन दिवसांत पत्रक छापलं: 'परक्यांच्या युद्धाला आपल्या गल्लीतलं लोखंड.' काकांचं नाव नव्हतं, पण त्या गल्लीत लेथ एकच. तिरुवैयारुला वाटलं, पापनाशमला भिंतींवर लावलं. खळ मीच शिजवली होती.

काकांनी चष्मा पुसून ते पूर्ण वाचलं.

"तमिळ झकास आहे गं तुझी. मराठी तेवढी कच्ची. संपलं म्हणजे मोडलं."

मग त्यांनी समजावलं. गटाबाहेरच्या देशाला त्या निधीत शिरायचं तर आधी सुरक्षेचा समझोता लागतो, मग वेगळी बोलणी: बाहेरचे भाग किती चालतील, आराखड्यावर हक्क कुणाचा, आत यायची वर्गणी किती. आपलं सरकार त्या दुसऱ्या बोलण्यापर्यंत पोचलंच नव्हतं. म्हणून नमुने परत आले.

"दिल्ली अजून उंबऱ्याबाहेर," काका म्हणाले, "आणि तू मला बोहल्यावर चढवलंस."

मी हसले. ते हसू अजून टोचतं, कारण त्याच आठवड्यात पंपवाल्यानेही काम थांबवलं. शस्त्रं करणाऱ्याकडे नको, म्हणाला.

मी पापनाशमला गेले. त्याच्या दुकानाच्या भिंतीवर माझंच पत्रक.

"फार चांगलं लिहिलंय, अम्मा," तो म्हणाला.

"मीच लिहिलंय. ते चूक आहे."

"चूक कशी? छापलंय की."

मी नखांनी कागद खरवडायला लागले. तो मागे उभा राहून बघत होता. कागद निघेना. खळ चांगली दाट झाली होती.