चिनी भुतं आणि आमचे बाबा

आमच्या कुडवा गावात माझी ओळख 'बांबूवाली मॅडम'. ही करामत बाबांची. मी पीएचडी करते ती दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या चिनी लिखाणावर. तिथले लोक तेव्हा बांबूच्या कामट्यांवर लिहायचे आणि त्या कामट्या मढ्यासोबत पुरायचे. त्यांवर देव, भुतं, पितर, नैवेद्य, चांगलं-वाईट, सगळं आलं. आता आमच्या आजोबांनी धम्म घेतला त्याच दिवशी घरातले देव बाहेर काढलेले. नात भुतं वाचत बसलीये, हे बाबा चारचौघांत कोणत्या तोंडाने सांगणार? "पोरगी बांबूवर पीएचडी करून राहिली," म्हणाले आणि सुटले. तेव्हापासून शेजारचे काका बांबूच्या किडीवर औषध मला विचारतात.

घरात मात्र बाबा एकदाच बोलले. "जे बाहेर फेकलं ते कायले घरात आणून राहिली?" त्यानंतर माझ्या लॅपटॉपकडे बघायलाही तयार नाहीत. माझंही डोकं फिरलं. मी काय आरती करत होते? पण पीएचडीच्या शेवटच्या तोंडी परीक्षेला, व्हायवाला, ते पुढच्या रांगेत बसलेले हवे होते मला. फार हवे होते.

एका दुपारी लाइट गेली. टीव्ही बंद, पंखा बंद, बाबा पुठ्ठ्याने वारा घेत सगळ्यांवर चिडलेले. मी मुद्दाम मोठ्याने अर्थ लावायला बसले. कामटीवर लिहिणारा माणूस विचारत होता, देव-भुतं सगळं बघतात म्हणता, मग भली माणसं हाल होऊन का मेली आणि नालायक म्हातारे होऊन अंथरुणात का? देव-भुतांना जमत नाही की करायचंच नाही, हे काही मला कळत नाही बुवा.

पुठ्ठा थांबला. "परत वाच."

वाचलं.

आई गेली तेव्हा मी सहावीत होते. दारात आलेल्या बाया म्हणाल्या होत्या, देव सोडले म्हणून कोप झाला. बाबा तेव्हा नुसते खाली बघत बसले होते.

"तुझ्या मायनं कोनाचं वाईट केलं होतं?" बाबांचा आवाज फाटला. "हेच त मले तवा बोलता नाही आलं."

मी रडले. लपवायचं कशाला?

संध्याकाळी काका किडकी कामटी घेऊन आले. बाबांनी त्यांना फाटकातच थांबवलं.

"तिले बांबूचं काही समजत नाही. ते भुतायचं शिकून राहिली. बसा, तुमाले सांगतो."