परीक्षा घेऊन नापास करा

नवापूरला लोखंड फार दिवस लोखंड राहत नाही. बोईसरपलीकडच्या आमच्या समुद्रावरून अहोरात्र वाहणारा खारा, ओलसर वारा कड्यांना, बिजागऱ्यांना, विहिरीच्या रहाटाला असा झोंबतो, की आठ दिवस दुर्लक्ष झालं तर बोटांना तांबूस भुकटी लागते आणि तिचा तुरट वास जेवतानाही हाताला येत राहतो. म्हणून लोखंडाला तेल देणं हे आमच्याकडे घरातल्या मुलींचं नित्याचं काम. पण नारळी पौर्णिमेच्या आदल्या दुपारी तेच काम वेगळ्या गांभीर्याने व्हायचं. पावसाळाभर किनाऱ्यावर विसावलेली होडी पुन्हा दर्यावर जाण्याआधी तिच्यावरच्या प्रत्येक लोखंडी वस्तूला, नांगरापासून कप्पीपर्यंत, मी खोबरेल लावायची. बाबा शेजारी उभे राहून एकही कडी सुटत नाही ना ते पाहायचे. उन्हात तापलेल्या लोखंडावर पसरणाऱ्या तेलाचा तो मंद, गोडसर गंध माझ्या मनात कायमचा शुभारंभाशी जोडला गेला. मोठ्या कामाला निघताना लोखंडाला तेल द्यावं, हे माझ्या हातांना डोक्याच्या फार आधी कळलं होतं. त्याच हातांनी पुढे मला नापास केलं.

गोष्ट साठीच्या दशकातली. तारापूरकडे वीजकेंद्राचं बांधकाम चालू झालं होतं, बोईसरच्या स्टेशनावर सातारा-सांगलीकडची आणि हिंदी बोलणारी नवी माणसं ट्रंका घेऊन उतरत होती, आणि माझ्या आत्याचा दमा वाढत चालला होता. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. विधवा होऊन आमच्याकडे आलेली, हाताने कष्टाळू आणि जिभेने तिखट. त्या वर्षी आश्विनात, बोंबील वाळत घातलेल्या एका लख्ख दुपारी, तिचा श्वास अडकला तो सुटेना. भाड्याची जीप करून आम्ही तिला पालघरच्या एका धर्मादाय इस्पितळात नेलं. खाटेशेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर उभा होता. काळा, पांढऱ्या खांद्यांचा, माझ्या छातीएवढा उंच. पण तो उघडायची किल्ली एकाच माणसाकडे असायची आणि तो माणूस जेवायला घरी गेला होता. आम्ही त्याची वाट पाहिली. आत्याने माझं मनगट धरलं होतं, आणि तो आला तेव्हा ती पकड सुटून गेलेली होती.

दुःख झालं, ते सगळ्यांनाच झालं. मला त्याहून जास्त संताप आला. औषध नव्हतं म्हणून माणूस गेलं तर कपाळावर हात मारता येतो; औषध हाताच्या अंतरावर उभं असताना ते उघडणारा कुणी नाही म्हणून माणूस जातं, तेव्हा त्या कपाळाचं काय करायचं? पुढे कळलं, की त्याच इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई, ज्या शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याला भूल द्यायच्या, त्या एक सहा महिन्यांचा वर्ग काढताहेत. दमेकऱ्यांना, क्षयाच्या रोग्यांना, बुडता बुडता वाचलेल्यांना श्वास घ्यायला मदत करणारी माणसं त्यांना तयार करायची होती. मी मॅट्रिक झाले होते. नाव घातलं.

बाबांनी कढत आवाजात एवढंच म्हटलं, “मरायचा तो मरतोच. आमच्या पोरीनं परक्याच्या नाकात नळ्या घालीत फिरायचं नाय.” 

“आत्या परकी नव्हती,” मी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची एस.टी. धरली. ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मीही नाही बोलले. हट्टीपणा आमच्या घरात कुणी एकट्याने वापरत नाही.

त्या वर्गाला नाव होतं, पण त्या कामाला नव्हतं. आम्हाला कुणी नर्स म्हणे, कुणी गॅसवाल्या. आम्ही पाचजणी होतो. रबरी नळ्या उकळायच्या. त्या उकळत्या रबराचा उग्र वास केसांत बसायचा. सिलिंडरमधून येणारा कोरडा ऑक्सिजन पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे काढत कसा न्यायचा, मुखवटा नाकाशी किती घट्ट धरायचा, खाटेच्या पायथ्याशी विटा लावून रोग्याची छाती उतरती ठेवायची आणि तळहाताची ओंजळ करून पाठीवर अशी थोपटायची की आतला कफ सुटावा, हे सगळं बाई शिकवायच्या. थोपटणं मला पहिल्या दिवशीच जमलं. बाई म्हणाल्या, “हात कुठून आणलेस गं हे?” मी सांगितलं, मासळीच्या टोपल्या उचलून. बाकीच्या हसल्या, मीही हसले. नर्सांवर देखरेख करणाऱ्या मेट्रनबाई मात्र हसल्या नाहीत. माझ्या लुगड्याला सुक्या बोंबलाचा वास येतो अशी त्यांची तक्रार होती आणि ती त्यांनी मला सोडून सर्वांकडे केली होती. एकदा तोंडावर म्हणाल्या तेव्हा मी उत्तर दिलं, की ऑक्सिजनला वास नसतो, म्हणून खोलीत वासाची एक तरी वस्तू असलेली बरी. या उत्तराने माझं काही भलं झालं नाही, पण समाधान भरपूर झालं.

परीक्षा चैत्रात होती. मुंबईहून एक मोठे डॉक्टर परीक्षक म्हणून यायचे होते. आदल्या दुपारी मी सिलिंडरच्या खोलीत एकटीच थांबले. खिडकीतून तिरपं ऊन आत आलं होतं, बाहेरच्या आंब्याखाली मोहोर गळून पडला होता, आणि त्या निःशब्द प्रहरी माझं मन अगदी नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवसासारखं भरून आलं. रांगेतल्या पहिल्या सिलिंडरची झडप जरा अडत होती. डब्याच्या पिशवीत केसांसाठी ठेवलेलं खोबरेल होतं. मी झडपेच्या आट्यांना, किल्लीच्या टोकाला बोटाने तेल लावलं, प्रेमाने लावलं, आणि मनातल्या मनात आत्याला म्हटलं की उद्या ही तुझ्यासाठी उघडते.

कुणी म्हणेल, सहा महिने शिकून एवढंही कळलं नाही? नाही कळलं. बाई शहरात शिकलेल्या. सिलिंडरला खोबरेल लावावंसं कुणाला वाटेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल, मग ते करू नका असं त्या सांगणार तरी कशा? नियम होता, पण तो बाईंनी वाचायला दिलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात होता. आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचत वाचत मी त्या प्रकरणाला पोहोचले ती परीक्षेच्या सकाळी, बोईसरच्या फलाटावर, गाडीची वाट पाहताना. तेलाचा किंवा चरबीचा झडपेला स्पर्शही होऊ देऊ नये. दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला भेटला, तर ठिणगीवाचूनही भडका उडू शकतो.

ते वाक्य मी तीनदा वाचलं. बोईसर ते पालघर हे अंतर ते केवढं, पण त्या दिवशी गाडी जणू पायी चालली होती. खिडकीबाहेर भाताची कापलेली खाचरं पिवळीधमक पडली होती, ताडांच्या सावल्या त्यांच्यावर लांबच लांब निजल्या होत्या, आणि माझ्या मनात एक नीच विचार येऊन बसला होता: तेल कुणी पाहिलेलं नाही. मी गुपचूप आधी जाऊन पुसून घेतलं तर? पण पुसल्याने आट्यांतलं तेल जात नाही, हे लोखंडाला तेल देणाऱ्या मुलीपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार! सांगितलं तर माझी परीक्षा संपली. नाही सांगितलं तर कुणाचा तरी हात, कुणाचा तरी चेहरा. पालघर स्टेशनापासून मी धावत सुटले.

पोहोचले तेव्हा परीक्षा सुरू झाली होती. परीक्षक टेबलामागे, बाई बाजूला, मेट्रनबाई दारात. आमच्यातली सुलभा पहिली उभी होती आणि तिच्यासमोर नेमका तोच सिलिंडर. तिने किल्ली झडपेवर बसवली होती.

“सुलभे, किल्ली सोड!” मी दारातूनच ओरडले. शुद्ध बोलायची सहा महिन्यांची सवय कुठल्या कुठे गेली. “तेल हाय त्याला! मी लावलं हाय!”

सुलभाने हात मागे घेतला. खोलीत क्षणभर कुणी श्वास घेतला नाही. श्वासाचीच परीक्षा असलेल्या त्या खोलीत ते जरा विचित्रच होतं. परीक्षकांनी वाकून आट्यांवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं, आणि सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं. सिलिंडर तसाच उचलून मोकळ्या आवारात नेण्यात आला, त्यावर चिठ्ठी बांधली गेली. मग ते माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, “तुम्ही घरी जा.” मेट्रनबाईंनी दार माझ्यासाठी आणखी थोडं उघडलं. बाईंनी मान खाली घातली होती, आणि त्याचं मला सगळ्यांत जास्त लागलं.

मी घरी गेले नाही. व्हरांड्यातल्या बाकावर बसले. एकेक जण आत गेली, बाहेर आली. दुपार झाली. ऊन पायरीवरून माझ्या पायांपर्यंत आलं आणि परत गेलं. मेट्रनबाई दोनदा येऊन “अजून इथेच?” म्हणून गेल्या. मला लाज वाटत होती, भयंकर वाटत होती. पण लाजेच्या तळाशी काहीतरी टणक होतं आणि मी त्याला धरून बसले होते. चार वाजता परीक्षक बाहेर आले तेव्हा मी उभी राहिले.

“साहेब, मला नापास करा. पण परीक्षा घेऊन नापास करा.”

“कशासाठी?” ते म्हणाले. “आज तुमच्यामुळे माणूस भाजला असता.”

“भाजलं असतं. चूक माझी हाय, मी नाय म्हणत नाय. पण मी काय शिकले ते तुमी बघितलंच नाय. तेवढं बघा.”

ते घड्याळाकडे पाहत राहिले. मग वॉर्डाकडे चालू लागले. मासवणचा एक म्हातारा कफाने छाती भरून तिथे तीन दिवस पडून होता. मी खाटेखाली विटा लावल्या, त्याला कुशीवर वळवलं, ओंजळीने त्याची पाठ थोपटली. किती वेळ, ते आठवत नाही. कफ सुटला. दुसरा, स्वच्छ सिलिंडर आणून तो कोरड्या हातांनी उघडला, बुडबुडे मोजले, मुखवटा बसवला. म्हाताऱ्याच्या नखांवरचा निळसरपणा हळूहळू ओसरत गेला तो आम्ही सगळ्यांनी पाहिला.

परीक्षकांनी मला नापास केलं. “काम उत्तम आहे,” ते म्हणाले, “पण आज पास केलं तर तुम्ही आजची सकाळ विसराल.” तेव्हा मला त्यांचा इतका राग आला, की बरोबर आहेत हे कळायला दोन महिने गेले.

पुढच्या परीक्षेपर्यंत मी वर्गाला येत राहिले, आणि ते दोन महिनेही वाया घालवले नाहीत. होडीवर नाव घालायचा लाल रंग घरून आणला आणि सिलिंडरच्या खोलीतल्या भिंतीवर हातभर अक्षरांत मराठीत लिहिलं: इथे तेल लावू नये, आग लागते. मेट्रनबाईंनी भिंत खराब केली म्हणून त्यावर चुना फासला. मी पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा चुना दिला. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा डॉक्टरीणबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “राहू दे आता. हे मीच पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.” मग चुना आला नाही. आश्विनात मी पुन्हा परीक्षेला बसले. परीक्षक तेच होते. भिंतीकडे पाहून त्यांनी विचारलं, “हे कुणी लिहिलं?” मी म्हटलं, “नापास झालेल्या मुलीने.” ते हसले नाहीत. पण प्रमाणपत्रावर सही करताना त्यांनी पेन दोनदा झटकलं आणि माझं नाव फार काळजीने लिहिलं.

प्रमाणपत्र हातात आलं आणि मी त्याच वॉर्डात कामाला लागले. चौथ्या-पाचव्या सकाळी वीजकेंद्राच्या बांधकामावरचा एक कामगार वॉर्डात आला. न्यूमोनियाने दोन्ही फुफ्फुसं भरलेली, ओठ काळेनिळे. त्याची बायको साताऱ्याकडची, माझ्याच वयाची, पदराचं टोक दातांत धरून उभी. डॉक्टरीणबाई शस्त्रक्रियेत अडकलेल्या. मी मुखवटा बसवला, प्रवाह वाढवला, त्याच्या बरगड्यांची धडपड पाहत राहिले. बाहेर धुकट ऊन पडलं होतं आणि कुठल्याशा झाडाचा कडवट वास येत होता.

“बाई,” ती म्हणाली, “जगतील का वं ह्ये?”

गेलं वर्षभर माझ्यासमोर भांडायला कुणी ना कुणी होतंच. बाबा होते, मेट्रनबाई होत्या, परीक्षक होते. त्यांच्याविरुद्ध ताठ उभं राहता राहता मी इथवर आले होते, आणि मला वाटे की तो ताठा हीच माझी शक्ती आहे. या बाईशी भांडण्यासारखं काही नव्हतं. तिला कुणीतरी जाणतं माणूस हवं होतं. मीही सवयीने तेच शोधायला मागे वळले. मागे पांढरी भिंत होती आणि एक रिकामी खाट. मी पुन्हा तिच्याकडे पाहिलं, तर ती अजून माझ्याकडेच बघत होती.