ताटात उरलेला तुकडा

सरकारी कारखान्यात वीस वर्षं फोरमनकी केलेल्या माणसाला अधिकार म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही, असं मला वाटे. ज्याची सही चालते, त्याचा अधिकार. हैदराबादेतल्या आमच्या लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीत मी पंच होतो आणि तिथेही माझा खाक्या तोच. आमचे पाळकसाहेब मात्र मला फार मऊ वाटत. उपासना संपली की बाकं सारायला झाडूवाल्याच्या बरोबरीने वाकायचे. अशा माणसाचं मंडळी काय ऐकणार, ही शंका मला सारखी खात असे.

त्या सुमाराला शहरात कॉम्प्युटरच्या नव्या कंपन्या निघत होत्या. माझ्या एकुलत्या एका मुलाला त्यातल्या एकीत नोकरी लागली आणि रविवारची पाळी नेमकी त्याच्या वाट्याला आली. सलग तीन महिने उपासना चुकवणाऱ्याचं नाव प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर घेणाऱ्यांच्या, यादीतून काढायचं, असा आमचा जुना नियम. पंचांच्या बैठकीत त्याचं नाव मीच पुढे केलं. घरचा म्हणून मी कोणाला सोडत नाही, हे मला दाखवायचं होतं. पाळकसाहेब म्हणाले, "जरा थांबू या का? मी त्याला भेटून येतो." मी म्हणालो, "साहेब, नियम सगळ्यांना एकच." बाकीचे पंच माझ्या बाजूने बोलले आणि साहेबांनी मान खाली घालून सही केली. मुलगा घर सोडून शहरातच नारायणगुड्याला खोली घेऊन राहिला. पत्नी माझ्याशी कामापुरतं बोलू लागली.

महिन्याच्या पहिल्या रविवारी होणाऱ्या प्रभुभोजनाची भाकर तीच घरी भाजत असे. भोजन घेणाऱ्यांची नावं आदल्या दिवशी माझ्याकडे येत. तितके तुकडे आणि पाळकसाहेबांचा एक, असे ती कापी. पण आता दर महिन्याला ताटात एक तुकडा उरू लागला. "तुझं लक्ष नसतं," मी तिला टाकून बोललो. "मग तुम्हीच मोजा की," ती म्हणाली. मी मोजले. तरीही एक उरलाच.

पुढच्या वेळी ताट धरून उभा असताना मी नीट पाहिलं. पाळकसाहेबांनी सगळ्यांना दिलं, शेवटी ताटाजवळ हात नेला आणि रिकामाच मागे घेतला. शुगर वाढली असेल, अशी मी मनाची समजूत घातली आणि नंतर तसं विचारलंही.

ते हसले. "आजार नाही हो. तुमच्या मुलाचं नाव काढलं, त्या कागदावर माझी सही आहे. तो बाहेर उपाशी, आणि मी आत जेवायचं, हे मला जमेना."

"मग मला सांगितलं का नाही?"

"मी सांगितलं असतं तर तुम्ही मुलाकडे हुकूम म्हणून गेला असता."

आठ महिने हा माणूस माझ्या मुलासाठी उपाशी राहिला होता आणि मी तुकडे मोजत होतो. मी तिथेच बाकावर बसून रडलो. मग तसाच नारायणगुड्याला गेलो. मुलाने दार उघडलं. "माझं चुकलं," एवढंच मला म्हणता आलं. तो दारातून बाजूला झाला. मग म्हणाला, "आत या पप्पा. चहा पिऊन जावा. पाळी बदलून देतेत की नाही काय की, पण पहिल्या रविवारी मी येतो."

पंचांपुढे हात जोडून मी त्याचं नाव पुन्हा लिहवून घेतलं. ज्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याच्या घरात अधिकार कसा चालतो, हे मला उतारवयात कळलं. तो अधिकार दुसऱ्याच्या नावावर काट मारत नाही, स्वतःचा घास बाजूला ठेवतो. माझा ताठा प्रभूने न बोलता उतरवला, याबद्दल मी आजही त्याचे आभार मानतो.

त्या रविवारी मुलगा माझ्यासमोर गुडघे टेकून बसला. पाळकसाहेबांनी त्याला तुकडा दिला आणि मग आपला घेतला. घरी आल्यावर रिकामं ताट पत्नीच्या हातात देत मी म्हणालो, "आज बरोबर झाले."

"दर वेळी बरोबरच होते," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिने जेवणाची तीन पानं घेतली.