यजमानांनी चोरून खाल्लेले गोळे

माझे यजमान बसचालक आहेत. त्यांनी आयुष्यात दारूच्या थेंबाला स्पर्श केलेला नाही आणि ही गोष्ट त्यांनी कोणाला विसरूही दिलेली नाही. कोणाकडे जेवायला गेल्यावर पेले निघाले, की ते ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन बसतात.

त्यांना साखरेचा आजार आहे. म्हणून गोड पदार्थ मी फ्रीजमध्ये पार मागे ढकलून ठेवते.

थोरल्या मुलीच्या कार्यालयात एका बाईंचा निरोपसमारंभ होता. त्यासाठी आम्ही दोघींनी चॉकलेटचे गोळे केले. बिस्किटे लाटण्याने कुटून भुगा केला, त्यात कोको, आटवलेले दूध, अक्रोड आणि रम घातली. हे मिश्रण गॅसवर चढत नाही, त्यामुळे रम उडून जात नाही. गोळे वळून फ्रीजमध्ये ठेवले आणि बाटली थोरलीने आपल्या पिशवीत लपवली. यजमानांना सांगण्याचे धैर्य दोघींनाही झाले नाही.

सकाळी कामावर निघताना त्यांनी तो डबा शोधून काढला. खाऊन झाल्यावर उरलेले गोळे पसरून ठेवले, म्हणजे जागा रिकामी दिसू नये. चव कडवट लागली. महागडे चॉकलेट असेच असावे, असे त्यांनी ठरवले. आमचे घर आगाराला लागूनच आहे. सोबत घेतलेला शेवटचा गोळा तोंडात घोळवीत ते फाटकाशी पोहोचले.

तेथे प्रत्येक चालकाला दारू तपासण्याच्या यंत्रात फुंकावे लागते. यंत्र धरण्याचे काम जुन्या चालकांकडे आळीपाळीने येते. त्या आठवड्यात ते ‘टाकी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चालकाकडे होते. मागल्या वर्षी यंत्र यजमानांच्या हाती असताना हा मनुष्य खोकल्याचे औषध घेऊन आला आणि यंत्र वाजले. चूळ भरून पुन्हा फुंकतो, अशी त्याने विनवणी केली. यजमानांनी, "टाकी भरून आलास," असे म्हणून त्याला सर्वांदेखत घरी पाठवले. तेव्हापासून सारे आगार त्याला टाकी म्हणते.

आता यंत्र यजमानांसमोर वाजले. कडवट चवीचा उलगडा त्यांना तेथेच झाला.

"मी घरून चॉकलेट खाऊन आलो," ते म्हणाले.

"आम्हीपण त्याला चॉकलेटच म्हणतो, दादा," मागून कोणीतरी म्हणाले.

टाकी हसला नाही. त्याने पाण्याची बाटली पुढे केली. "चूळ भरा. जरा वेळ बाकावर बसा, मग परत फुंका."

ते बाकावर बसले. एकेक चालक त्यांच्यासमोरून आत गेला. दुसऱ्यांदा यंत्र वाजले नाही.

"त्या दिवशी मी तुला परत फुंकू द्यायला हवं होतं," यजमान म्हणाले.

"हवं होतं," तो म्हणाला. "गाडी काढा, लोक खोळंबलेत."

संध्याकाळी हे सांगताना ते भिंतीकडे पाहत होते. रमबद्दल मला एका शब्दाने बोलले नाहीत, त्यामुळे मला त्यांच्यासमोर उभे राहणे अधिकच कठीण झाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चालकांना थांबवून सांगितले, की त्या माणसाला टाकी म्हणू नये, चूक आपली होती. सर्वांनी मान डोलावली. एवढ्यात फाटकाकडून कोणी नेहमीसारखी हाक मारली, "टाकी, यंत्र आण रे," आणि त्या माणसाने लगेच ओ दिली.