गाडी वळायची जागा

गावाबाहेरच्या आमच्या कापसाच्या शेताचे प्लॉट पडले, तेव्हा मी पन्नाशीची होते आणि तालुक्यात माझ्याएवढी हुशार बाई नाही, असं मला वाटायचं. शेवटचे दोन प्लॉट घरात ठेवले, एक माझा, एक थोरल्या जाऊबाईंचा. रस्ता आमच्या दारात येऊन संपत होता. मोजणीवाल्याने तिथे फक्कीचा मोठा गोल मारला.

"हा मोकळा सोडा, ताई. रस्ता संपतो तिथे गाडी वळायला जागा लागतेच. नियम आहे."

"येनारा उलटा पाये जाई, भाऊ!" मी म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर पदर तोंडाला लावून हसले. नकाशा मंजूर झाल्यावर आठवड्याच्या आत तो गोल मी भिंत घालून अंगणात घेतला. वर शेवगा लावला, शेंगा गल्लीत वाटल्या आणि दानशूर म्हणून मिरवले. काय बाई होते मी!

तेव्हापासून दारात आलेली गाडी पीं पीं करत उलटीच जायची.

मग शेजारचे म्हातारे गेले. स्वर्गरथ सरळ आत आला, त्याला वळता येईना. म्हातारे घराकडे तोंड करून मागे मागे सरकत गेले. आमच्याकडे मयताचं तोंड घराकडे राहू देत नाहीत. राहिलं तर ते वाट विसरत नाही. जाऊबाई दारापुढच्या ओट्यावर मिसरी भाजत होत्या. तव्यातून धूर येत राहिला, त्यांचं लक्षच नव्हतं.

"भीत पाड वो माय," भिंतीकडे बोट करत त्या म्हणाल्या. "मन्ही गाडी अशी निंघनी, ते मी तुन्हाच सयपाकघरमा येसू."

"या ना बाई, भाकरी टाकाले हात व्हई."

त्या हसल्या नाहीत. रोज भिंतीकडे बघायच्या. मी रोज "दिवाळीनंतर" म्हणायचे. दिवाळीआधीच त्या गेल्या. पीं पीं करत.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी माझ्या स्वयंपाकघरात मिसरीचा वास आला. घरात मिसरी लावणारं कोणी नाही. तव्याला हात लावला, तर कोमट.

"तुम्हीच चहा ठेवेल व्हई, आत्याबाई," सून म्हणाली.

"तवावर चहा ठेवतस का वो?"

तीन दुपारी काढल्या. चौथ्या दिवशी भिंत पाडली, शेवगा तोडला. मुलाने नकाशा बघून पुन्हा फक्कीचा गोल मारला. सिलिंडरची गाडी आली, झोकात वळली आणि सरळ तोंडाने गेली. मी आत जाऊन तवा चाचपला. थंड होता. वास गेला तो गेलाच.

सुटले म्हणायचं. पण दुपारी करमेना. सून झोपली की मीच तव्यावर चिमूटभर तंबाखू टाकायला लागले, नुसती वासाला. काल टाकली, आणि पीं पीं ऐकू आलं. रस्त्यावर गाडी नव्हती. आवाज लांब जात नव्हता, रस्त्याच्या तोंडाकडून माझ्या दाराकडे येत होता.

मी तवा उतरवला, ओट्यावर आले, आणि गाडी वळायच्या गोलात कोणी काही ठेवलेलं नाही ना, ते आधी बघितलं.